गाडी मोडीत, नंबर मात्र मालकाच्याच नावावर

मुंबई, खास प्रतिनिधी

लालबाग-परळच्या कोणत्याही जुन्या चाळीत जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात डोकावले, तर एखादी तरी मोटारसायकल धूळ खात उभी दिसते. टायर बसलेले, टाकीवर गंजाचे ठिपके आणि सीटवर मांजराचा कायमचा मुक्काम. वर्षानुवर्षे तिच्याकडे कोणी लक्षही देत नाही. मात्र इमारत पुनर्विकासाला गेली, खोली रिकामी करण्याची तारीख जवळ आली, की या गाडीचे काय करायचे हा प्रश्न अचानक घरात उपस्थित होतो. वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीही त्याच वाटेवर आहेत. गिरगावातील खासगी चाळींचे स्थलांतर तर कधीचेच सुरू आहे. या सामानसुमानाच्या हलवाहलवीत जुन्या दुचाकींचा एक मोठा साठा बाहेर पडतो आहे आणि त्यातील बऱ्याच गाड्या अखंड विकल्या न जाता सुट्या भागांच्या रूपाने बाजारात जात आहेत.

यामागचे गणित गॅरेजवाला दोन मिनिटांत समजावून सांगतो. अखंड गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही. मिळालेच तर भंगाराचा भाव सांगते. तीच गाडी खोलली, तर कार्बोरेटर एकाला, मॅग्नेट दुसऱ्याला, शॉकअप, चाके, सायलेन्सर, मीटर असे ज्याला जे हवे ते देता येते आणि बेरीज बरी होते. गणित चुकीचे नाही. पण त्यात एक आकडा धरलेला नसतो.

आधी अखंड गाडीची किंमत इतकी का घसरते ते पाहू. समजा, शंभर सीसीची, १५ वर्षे उलटलेली एक मोटारसायकल आहे. ती कायदेशीररीत्या रस्त्यावर ठेवायची, तर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे केंद्रीय शुल्क १ एप्रिल २०२२ पासून दुचाकीला १ हजार रुपये झाले; त्याआधी ते ३०० होते. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीने २० वर्षांपुढच्या दुचाकीला ते २ हजार करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर २०१० पासून आहे. पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीला पाच वर्षांसाठी २ हजार रुपये. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट करासह ५३१ रुपयांची. त्रयस्थ पक्ष विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७१४ रुपये, त्यावर जीएसटी. म्हणजे बॅटरी, टायर किंवा इंजिनाला हातही न लावता सव्वाचार हजारांहून अधिक रुपये केवळ कागदांवर जातात. उलट हीच शंभर-सव्वाशे किलोंची गाडी भंगारात घातली आणि लोखंडाचा भाव समजा किलोला ३० रुपये धरला, तर हाती येतात तीन ते पावणेचार हजार. कागद जिवंत ठेवण्याचा खर्च गाडीच्या वजनापेक्षा महाग ठरतो तो असा. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आणखी खाली येणार, हे ओघाने आलेच.

पैशापेक्षाही मोठी अडचण मात्र नावाची असते. चाळीतील पुष्कळ गाड्या वडिलांच्या, काकांच्या नावावर आहेत आणि ती माणसे आता हयात नाहीत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून तीन महिन्यांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. दुःखाच्या दिवसांत रेशनकार्ड, पासबुक, गिरणीतील थकीत देणी यांच्या धावपळीत मोटारसायकलच्या आरसी बुकाची आठवण कोणाला राहते? पुढे तीन भावंडे तीन उपनगरांत पांगतात. दहा वर्षांनी गाडी विकायची म्हटले, तर मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, कधी काळी काढलेल्या कर्जाचा बोजा उतरल्याचे बँकेचे पत्र आणि थकलेली ई-चलने अशी रांग उभी राहते. एवढे सगळे करून हाती येणार किती, याचा हिशेब मनातल्या मनात होतो आणि भंगारवाल्याला हाक जाते. त्याला यांपैकी एकही कागद नको असतो.

म्हणूनच सुट्या भागांची बेरीज अखंड गाडीपेक्षा जास्त भरते, याचे खरे कारण त्या भागांच्या गुणवत्तेत शोधू नये. विकणाऱ्याला कागदांतून सुटका मिळते आणि त्या सुटकेचीच ती किंमत असते. याचा पडताळा यामाहा आरएक्स १०० वरून घेता येतो. १९८५ ते १९९६ या काळात बनलेली ही दोन-स्ट्रोकची गाडी. तिचे उत्पादन थांबून तीन दशके होत आली, तरी तिच्यावर जीव टाकणारे आजही आहेत आणि अस्सल भाग दुर्मीळ असल्याने सिलिंडर, क्रँक, साइड कव्हर यांना चांगला भाव येतो. तरीही कागदपत्रे चोख असलेली, चालू स्थितीतील आरएक्स कोणी शहाणा माणूस खोलत नाही. ती अखंडच अधिक मोलाची. कागद हरवलेली आरएक्स मात्र फक्त भागांपुरती उरते. दोन्हींत यंत्र तेच, फरक आरसी बुकाचा. हिरो होंडा स्प्लेंडरची तऱ्हा उलटी. १९९४ साली आलेली ही गाडी देशभर इतकी पसरली, की तिचे नवे भाग ऑपेरा हाउस-ग्रँट रोडच्या दुकानांत सहज मिळतात. त्यामुळे जुन्या भागाला भाव बेताचा, पण गिऱ्हाईक मात्र रोजचे. अपघातात फ्रेम वाकलेली गाडी हा तिसरा प्रकार. तिथे भाग सुटे करून विकणे यात गैर काही नाही. उलट चांगला गिअरबॉक्स भट्टीत वितळवण्यापेक्षा दुसऱ्या गाडीत बसलेला बरा. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याआधीच्या असंख्य गाड्या अजून धावत आहेत. त्यांना जगवतो तो हाच वापरलेल्या भागांचा बाजार, हे मान्य करायला हवे.

हे भाग जातात कुठे, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि भेंडीबाजाराला लागून असलेला चोर बाजार ही दोन नावे पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. तिथला बहुतेक व्यापार सरळ असतो. चोर बाजाराचे नाव मुळात गोंगाटावरून ‘शोर बाजार’ असे होते, ही व्युत्पत्ती तिथले दुकानदार आवर्जून ऐकवतात. त्यातला रागही समजण्याजोगा आहे. भेंडीबाजाराच्या समूह पुनर्विकासात या परिसराचा चेहराही बदलतो आहे. पण वापरलेल्या भागाला बिल नसते, हे वास्तव आहे. बिल नसलेल्या भागांच्या ढिगात रात्री पळवलेल्या गाडीचे इंजिन आणि निवृत्त कारकुनाच्या जिन्याखालच्या गाडीचे इंजिन शेजारी शेजारी पडलेले असते. चोरीची मोटारसायकल अखंड विकणे चोराला जोखमीचे, खोलून विकणे सोपे. कागदांची कटकट टाळण्यासाठी प्रामाणिक माणूस जी वाट धरतो, तीच चोराचीही वाट आहे. आणि घेणाराही निर्धास्त राहू शकत नाही. चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा पूर्वी भारतीय दंड विधानाच्या कलम ४११ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

आता त्या न धरलेल्या आकड्याकडे येऊ. मोटारसायकलचे सगळे भाग विकता येतात, एक सोडून. इंजिनावर आणि चेसिसवर कोरलेला क्रमांक परिवहन खात्याच्या दप्तरात ज्याच्या नावापुढे लिहिलेला आहे, तो त्याच्याच नावावर राहतो. गाडी खोलली, दहा दुकानांत वाटली गेली, तरी ताडदेवच्या कार्यालयातील नोंद अबाधित असते. ‘एमएच-०१’ची ती गाडी सरकारच्या लेखी अजून धावते आहे. उद्या ते इंजिन दुसऱ्या सांगाड्यात बसले किंवा तो नंबर दुसऱ्या गाडीवर लागला आणि अपघात वा गुन्हा घडला, तर पोलिसांच्या हाती पहिला लागतो तो नोंदीतील मालकाचा पत्ता. हे भय काल्पनिक नाही. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीत बेवारस सापडलेल्या मारुती व्हॅनच्या नोंदणीवरूनच तपासाला महत्त्वाचा धागा मिळाला होता, हे या शहराला ठाऊक आहे. तपासाच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच. पण त्याच व्यवस्थेत निष्काळजी मालकही सापडतो.

दिवाणी जबाबदारीबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निःसंदिग्ध निकाल दिला. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने विकली होती, पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे गेली होती. नोंद मात्र बदललेली नव्हती. अपघाताच्या दिवशी ज्याचे नाव दप्तरात होते, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची, असे न्यायालयाने ठरवले. अपघातग्रस्ताने मालकांच्या साखळीचा शोध घेत फिरावे, ही अपेक्षा न्यायालयाला मान्य नव्हती. गाडी विकल्याचा कागद करून निश्चिंत होणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. पूर्वी शंभरच्या स्टॅम्प पेपरवर, ऑक्टोबर २०२४ नंतर पाचशेच्या; पण मुद्रांक महाग झाला म्हणून त्याने परिवहन खात्यातील नोंद बदलत नाही.

उपाय कायद्यात आहे. गाडी नष्ट झाली वा कायमची निकामी झाली, तर कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर ते कळवून आरसी जमा करावी आणि नोंदणी रद्द करून घ्यावी. २३ सप्टेंबर २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रेही आली. तिथे गाडी दिली की चोरीच्या नोंदींशी पडताळणी होते, जमा प्रमाणपत्र मिळते, चेसिसचा क्रमांक असलेला तुकडा कापला जातो आणि नोंदणी रद्द होते. ते जमा प्रमाणपत्र दाखवून नव्या खासगी वाहनाच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली आहे. १ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांविषयीचे पर्यावरण नियमही लागू झाले असून, जुन्या वाहनांतील पोलादाच्या पुनर्प्राप्तीची जबाबदारी उत्पादकांवर आली आहे.

धोरण कागदावर नीटनेटके आहे. मात्र ते आखताना डोळ्यांपुढे ट्रक आणि मोटारी होत्या, जिन्याखालची मोटारसायकल नव्हती, असे वाटल्याशिवाय राहत नाही. अशा केंद्राला लागणारी जागा मुंबई बेटावर परवडणार कोणाला? बंद पडलेली गाडी टेम्पोत घालून शहराबाहेर न्यायची, तर वजनावर मिळणाऱ्या पैशांतला मोठा वाटा भाड्यातच जाईल. शिवाय नोंद मृत वडिलांच्या नावावर असेल, तर इथेही वारसाच्या कागदांची अडचण सुटत नाही. भंगारवाला मात्र दारात येतो आणि रोख देतो. वारसाने साध्या प्रतिज्ञापत्रावर, हस्तांतरणाचे शुल्क न भरता, थेट नोंदणी रद्द करून घेण्याची एकखिडकी सोय झाली आणि मोडणी केंद्रांनी वॉर्डावार संकलनाचे दिवस ठेवले, तर पुष्कळ गाड्या योग्य मार्गाने जातील. बेवारस वाहने उचलण्यासाठी पालिका टेम्पो फिरवतेच.

तोवर निदान क्रम उलटा करू नये. आधी नोंदणीचा निकाल लावावा, मग पाना हाती घ्यावा. नोंदणी रद्द होण्याआधी इंजिन आणि चेसिस कोणाच्या हवाली करू नये. चाके, दिवे, सीट, टाकी यांवर मालकाशी जोडणारा क्रमांक नसतो. त्यांची गोष्ट वेगळी. ज्याला भाग दिले त्याचे नाव-पत्ता आणि तारीख एका वहीत लिहून ठेवायला पाच मिनिटे लागतात.

प्रत्यक्षात बऱ्याचदा घडते ते वेगळेच. गॅरेजवाला कामाचे तेवढे काढून नेतो आणि सांगाडा तिथेच राहतो. कालांतराने तो गल्लीच्या टोकाला जातो, पालिकेची नोटीस त्यावर चिकटते, मुदत संपली की गाडी उचलली जाते. चेसिसवरचा क्रमांक वाचून पत्ता काढला, तर तो निघतो चाळीतल्या त्या खोलीचा. ती चाळ तोपर्यंत पाडलेली असते आणि माणसे भाड्याच्या घरात कांजूरमार्गला किंवा डोंबिवलीला राहायला गेलेली असतात.