‘९९ टक्के अचूक’ एआय आणि घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल

‘एआयने केलं ९९ टक्के अचूक निदान’ अशी बातमी दिसली की आपण लगेच फॉरवर्ड करतो. पण काही आजारांत हा आकडा जवळपास काहीच सांगत नाही. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, थोडक्यात एफएच, हा असाच एक आजार.

एफएच म्हणजे काय?

जनुकातल्या बिघाडामुळे रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, शरीराला नीट काढून टाकता येत नाही. माणूस बारीक असो की रोज जिमला जाणारा, ते जन्मापासूनच जास्त असतं आणि कमी वयात हार्ट अटॅकचा धोका वाढतो. आई-बाबांपैकी एकाला एफएच असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. यावर स्टॅटिनसारखी औषधं आहेत, पण बहुतेकांचं निदानच होत नाही.

अचूकतेची गंमत

साधारण २५० जणांत एकाला एफएच असतो, म्हणजे १०,००० जणांत ४० रुग्ण. समजा, एखादं मॉडेल डोळे मिटून सगळ्यांनाच ‘एफएच नाही’ म्हणालं. ९,९६० उत्तरं बरोबर, अचूकता ९९.६ टक्के! आणि सापडलेले रुग्ण? शून्य.

म्हणून दोन आकडे बघायचे. प्रिसिजन: मॉडेलने ज्यांच्यावर बोट ठेवलं, त्यातले खरे रुग्ण किती? रिकॉल: एकूण खऱ्या रुग्णांपैकी सापडले किती?

अमेरिकेतलं ‘फाइंड एफएच’

२०१९ साली प्रसिद्ध झालेलं हे मॉडेल रँडम फॉरेस्ट पद्धतीचं आहे. त्यात अनेक ‘डिसिजन ट्री’ मतदान करतात. आधीच्या तपासण्या, आजार, औषधं यांच्या नोंदी ते वाचतं. चाचणीत प्रिसिजन होतं ८५ टक्के, रिकॉल ४५ टक्के. पुढे १७ कोटी लोकांच्या नोंदींतून त्याने सुमारे १३ लाख संशयित काढले. त्यातल्या ४५ जणांचा नमुना तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा ८७ टक्के लोकांबाबतचा संशय रास्त वाटला.

म्हणजे यादी भरवशाची, पण चाचणीतले निम्म्याहून जास्त रुग्ण निसटलेच. संशयाची पातळी खाली आणली तर जास्त रुग्ण सापडतील, पण विनाकारण घाबरणारेही वाढतील. ही रेषा कुठे ओढायची, हे कोड नाही, माणसं ठरवतात.

शिवाय मॉडेल फक्त ‘यांना बोलवा’ इतकंच सांगतं. निदान डॉक्टरच करतात: रक्ततपासणी, घरचा इतिहास आणि गरज पडल्यास जनुकचाचणी.

तुमचं एलडीएल १९० किंवा जास्त असेल, किंवा घरात कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल, तर एआयची वाट बघू नका. डॉक्टरांना भेटा. एफएच निघालाच, तर भावंडांचीही तपासणी करून घ्या.