गोदाकाठचा सुरय
समुद्र बीडपासून शेकडो किलोमीटर लांब. पण समुद्रावरच्या सुरयांचा सख्खा भाऊ, नदी सुरय, आपल्या गोदावरीवर आणि धरणांच्या पाण्यावर भेटतो. राखाडी पाठ, हळदीसारखी पिवळीधमक चोच, तांबडे पाय, दुभंगलेली लांब शेपटी. विणीच्या दिवसांत डोक्यावर काळी टोपी. उडता उडता मान खाली घालतो, क्षणभर जागीच फडफडतो आणि सूर मारून मासोळी उचलतो. घरटं म्हणाल तर वाळूतला नुसता खळगा! उन्हाळ्यात वाळू भाजते, तेव्हा हा पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. किती ही माया! जागतिक लाल यादीत तो आज ‘असुरक्षित’ आहे. मार्च ते मे नदीतल्या वाळूच्या बेटांवर ट्रॅक्टर घालू नका, कुत्री सोडू नका.