बाळ आईजवळ असावे, रजईखाली नसावे

शलमोन राजापुढे न्यायासाठी आलेल्या दोन स्त्रियांची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. त्या भांडणाचे मूळ मात्र आपण विसरतो. झोपेत आईच्या अंगाखाली येऊन एक तान्हे बाळ दगावले होते.

उज्जैनच्या परिसरात पौषात थंडी कडक असते. वीज रात्रीची मिळाली, की बाप गव्हाला पाणी देऊन पहाटे दमून येतो आणि त्याच बाजेवर, त्याच रजईत शिरतो. मध्ये बाळ असते. सैल बाजेच्या खोलगटात ते घरंगळते. रजई नाकावर आली तर ती दूर सारण्याचे बळ त्याच्यात नसते.

बाळाला दुसऱ्या खोलीत निजवा, असे आम्ही म्हणत नाही. रात्री पाजण्यासाठी ते आईच्या हाताशीच हवे. पण त्याचे अंथरूण निराळे, सपाट व घट्ट असावे. उशी नको. बाळाला उताणेच निजवावे. अमेरिकेत १९९४ पासून याचा मोठा प्रचार झाला आणि झोपेतील आकस्मिक बालमृत्यू पुढे सुमारे निम्म्यावर आले. थंडीसाठी बाळाच्या अंगात एखादा कपडा जास्त घालावा. बंद खोलीत पेटती शेगडी कधीही ठेवू नये. दारू प्यालेल्याने किंवा विडी ओढणाऱ्याने बाळाशेजारी निजू नये.

असे बाळ गेले, की लोक आईलाच बोल लावतात. आम्हांला हे मान्य नाही. राखण सर्व घराची आहे. पहाटे शेतावरून आलेल्या बापाने आपले अंथरूण वेगळे घालावे. तेवढे त्याला जड नाही.