गुलालाचे ठसे

आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या समितीवर मला घेतलंय. का, तर मी बँकेत कारकून आहे, हिशेब तरी बघेन! साहित्याशी माझा संबंध एवढाच, की बी.कॉम. होऊनही मला वाचायची खोड आहे. परवाच्या सभेत बाद करायच्या पुस्तकांची यादी आली. पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत एकच नाव : बाबा कदम. शेजारी शेरा : ‘जीर्ण, डागाळलेली, हलकं साहित्य.’

जीर्ण, मान्य. डागाळलेली, तेही मान्य. पण त्या डागांवर बोलायचा हक्क माझा आहे, कारण त्यांतले निम्मे माझ्या आईचे आहेत.

आमचं जोतिबावर गुलाल-खोबऱ्याचं दुकान. चैत्राच्या यात्रेत पाणी प्यायला फुरसत नसते. पण पावसाळ्यात डोंगर धुक्यात बुडाला, की दिवसाकाठी चार गिऱ्हाइकं. आई चौथी शिकलेली. गुलालाच्या पुड्या बांधता बांधता ती मांडीवरची कादंबरी वाचायची. पान उलटलं की गुलाबी अंगठा उमटलाच! गिऱ्हाइकानं नारळ मागितला, तर म्हणायची, “थांबा की वो पावणं, खून कुणी केला तेवढं बघू द्या!” पाहुणेही थांबायचे. त्यांनाही कळायला हवंच होतं.

सभेतले एक प्राध्यापक म्हणाले, “प्रेम, खून आणि कोर्टकचेरी! यात जीवनदर्शन कुठंय?” आता मला सांगा, भाऊबंदकी, बांध, कोर्टाच्या तारखा आणि पळून जाऊन केलेली लग्नं वगळली, तर आमच्या जिल्ह्यात जीवन उरतं किती?

आणखी एक गोष्ट प्राध्यापकमहाशय विसरतात. त्याआधी बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण त्यांचा झुंजार आणि काळा पहाड हे मुंबईचे. आम्हाला वाटायचं, रहस्य घडायला समुद्र लागतो. आमच्याकडं तर नुसता रंकाळा! मग वीरसेन आनंदराव कदम, राहणार कोल्हापूर, नोकरी पोलीस प्रॉसिक्यूटरची, यांनी लेखणी उचलली. कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. हे गृहस्थ पगार घेऊन रोज चढत होते. त्यांनी प्रेम आणि संशय आमच्या गल्लीत आणून सोडले. त्यानंतर आई एस.टी.नं कोल्हापूरला गेली, की ताराबाई पार्कातल्या प्रत्येक बंगल्याकडं डोळे बारीक करून बघायची. आपल्या गावातही काहीतरी घडू शकतं, हा विश्वास माणसाला देणं, याला जीवनदर्शन म्हणत नसतील, तर म्हणू नका.

योगायोग जास्त असतात, हे कबूल. पण योगायोग काय, आमच्या शाखेतही घडतात. कधी कधी पहिल्याच बेरजेला कॅश जुळते.

आता हिशेबाचं बोलतो. बँकेत दोन वर्षं ग्राहकानं व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय ठरतं. दहा वर्षं पडून राहिलं, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पण रोज देवघेव होणारं खातं ‘फार वापरलं गेलं’ म्हणून बंद करणारा अधिकारी अजून जन्माला यायचाय! मी वाचनालयाचं देवघेव रजिस्टर काढलं. प्राध्यापकांनी शिफारस केलेले समीक्षाग्रंथ घेतल्या दिवसासारखे कोरे. ते बाद करा असं मी म्हणणार नाही. उद्या एखादा वारस हजर होईल. मात्र, कोरं पुस्तक म्हणजे थोर पुस्तक, हा हिशेब मला पटत नाही.

कदम २००९ साली गेले. त्यांच्यावरच डोळे बसलेल्या माझ्या आईनं पुढं शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ही वाचून काढलं. ते ‘भारी साहित्य’ तिच्या हातात द्यायला प्राध्यापक डोंगर चढून आले नव्हते. बँकेत अंगठा उठवणारा निरक्षर समजला जातो. या पानांवरचा अंगठा मात्र वाचणाऱ्याचा आहे. तो बाद करण्याचा ठराव माझ्या सहीनं होणार नाही.

शेवटी यादी पुढच्या सभेवर ढकलली गेली आणि बाइंडिंगचा खर्च काढायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. घरी येऊन आईला ही विजयवार्ता सांगितली. ती म्हणाली, “बाइंडरला सांग, पानं सगळी आहेत का बघ म्हणावं. मागल्या वेळी शेवटचं पान नव्हतं. खुनी कोण, ते मला अजून कळलं न्हाई!”