पोट आणि प्रतिष्ठा यांची फारकत नको

अमेरिकेत निवडणूक आली की पुरोगामी गोटातून एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : प्रचार करायचा तो मजुरी, औषधोपचार आणि घरभाड्यावर. वर्णभेदाचा विषय काढला की गोरा कामगार बिथरतो आणि धनिकांचे फावते. गरिबी हटली की वर्णभेदही ओसरेल. यात तथ्यांश आहे. कामगारांत फूट पाडायला वर्णाचा वापर झालाच आहे. पण त्यावर मौन हा उपाय नव्हे.

१९३५चा सामाजिक सुरक्षा कायदा पाहा. त्यात वर्णाचा उल्लेखही नाही. पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय हीच कामे करत होते. १९३४पासून सरकारी हमीच्या गृहकर्जांवर गोऱ्या कुटुंबांनी घरे घेतली. कृष्णवर्णीय वस्त्या मात्र जोखमीच्या ठरवून बाजूला ठेवल्या गेल्या. सामान्य माणसाची पुंजी म्हणजे त्याचे घर. २०२२ मध्ये मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. ज्या दरीला आर्थिक धोरणांनीच खोली दिली, ती वर्णाकडे डोळेझाक करून कशी बुजणार?

१९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी आपल्याकडच्या समाजवाद्यांना जातीबाबत हेच बजावले होते : बरोबरीच्या वागणुकीची खात्री नसेल, तर श्रमिक एकत्र येतील कशाला?

दुसरी बाजूही तपासली पाहिजे. उमेदवारांत कृष्णवर्णीय चेहरे वाढले म्हणजे न्याय झाला, असे मानणारेही चुकतात. भाडे थकलेल्या कुटुंबाला चेहऱ्याने छप्पर मिळत नाही.

हे दोन्ही लढे एकत्र लढता येतात. वॉशिंग्टनच्या १९६३च्या मोर्चाने नागरी हक्कांच्या कायद्याबरोबरच तासाला दोन डॉलर किमान वेतन मागितले. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा ते मेम्फिसमधल्या संपकरी सफाई कामगारांच्या पाठीशी उभे राहायला आले होते. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन वर्णन्यायाचा आग्रह न सोडता कर्जबाजारी गोऱ्या शेतकऱ्यांपर्यंत गेले. उमेदवारी हुकली, पण प्राथमिक फेऱ्यांत त्यांना सुमारे ७० लाख मते पडली. वर्णाचा विषय काढला की मते जातात, हा सिद्धान्त तिथेच लटका पडतो.

म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मतदाराने विचारावे : वेतन किती वाढवणार, आणि त्यातून कोणाला वगळणार नाही याची हमी काय? एकाच प्रश्नाचे उत्तर देणारा उमेदवार अर्धाच कार्यक्रम घेऊन आलेला आहे.