आमच्या मायक्रोफोनवरचा हात काढा!

मायक्रोफोन आमचा, संगणक आमचा, दोन्हींसाठी मोजलेले पैसे आमचे. तरी त्या मायक्रोफोनने आवाज किती घ्यावा हे ठरवते कोण? तासाभराच्या मीटिंगपुरते उघडलेले एक परके सॉफ्टवेअर! हा अधिकार त्याला कोणी दिला? आम्ही दिलेला नाही. आमच्याकडे तो कोणी मागितलेलाही नाही. संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन विचारपूर्वक ठेवलेली माईकची पातळी कॉल सुरू होताच आपोआप सरकू लागते, कॉल संपल्यावर सरकलेली तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माईकसमोर ध्वनिमुद्रणाला बसलेल्या माणसाला सगळे बोलून झाल्यावर कळते की आवाज एक तर फाटला आहे, नाही तर कुजबुजीइतका बारीक आला आहे. या प्रकाराला कंपन्या सोय म्हणतात. आम्ही तिला घुसखोरी म्हणतो.

या घुसखोरीचे तांत्रिक नाव ‘ऑटोमॅटिक गेन कंट्रोल’. बोलणारा हळू बोलला की पातळी चढवायची, मोठ्याने बोलला की उतरवायची, एवढेच तिचे काम. ब्राउझरमधले कॉल ज्या वेबआरटीसी तंत्रावर चालतात ते गूगलने 2011 मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्यातील यंत्रणा आवाजाचे दहा-दहा मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाची पारख करते. झूम, टीम्स, डिस्कॉर्ड यांच्याही आपापल्या यंत्रणा आहेत. आलेला आवाज आपल्यापाशी घेऊन तो गणिताने लहानमोठा करण्याची ताकद या सर्वांत आहेच, आणि ते काम त्यांनी स्वतःच्या हद्दीत केले तर आमचे काही म्हणणे नाही. पण ही सॉफ्टवेअरे तिथे थांबत नाहीत. ती ऑपरेटिंग सिस्टिममधल्या माईकच्या पातळीच्या मूळ पट्टीला हात घालतात, म्हणजे त्या संगणकावर माईक वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामचा आवाज बदलून टाकतात. एका खिडकीत मीटिंग आणि दुसऱ्या खिडकीत ध्वनिमुद्रण चालू असेल, तर मीटिंगमधली प्रत्येक चढउतार ध्वनिमुद्रणात कायमची कोरली जाते. यंत्राचा अंदाज चुकला की शेजारच्या खोलीतला टीव्ही आणि स्वयंपाकघरातला कुकर पुढे येतात. बोलणारा एकदा जोरात खोकला की पातळी कोसळते आणि पुढची काही वाक्ये ऐकूच जात नाहीत.

याचा सर्वांत कठोर मार बसतो तो ज्यांचे सारे काम आवाजाच्या चढउतारावर उभे आहे त्यांना. 2020 च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईतले कित्येक गायक परदेशातल्या शिष्यांना संगणकावरून शिकवू लागले, आणि ती शिकवणी आजही चालू आहे. गुरू खर्जात षड्ज लावतो, आवाज जाणूनबुजून हलका ठेवतो. सॉफ्टवेअरला वाटते आवाज कमी पडला, ते पातळी चढवते. मग तार सप्तकात पुकार येते, सॉफ्टवेअर ती दाबून टाकते. शिष्याच्या कानावर पडते ते इस्त्री फिरवल्यासारखे सपाट गाणे. स्वर कुठे फुलवायचा, कुठे सोडून द्यायचा, हे ज्या फरकातून शिकायचे तो फरकच वाटेत मारला जातो. आणि तंबोरा? सतत आणि एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे गोंगाट पुसणाऱ्या यंत्रणेला शिकवलेले असते. तंबोरा तर अखंडच वाजतो. म्हणून पंख्याच्या घरघरीबरोबर तोही पुसला जातो, आणि ज्या स्वराला धरून शिष्याने आपला सूर तपासायचा तोच त्याला ऐकू येत नाही. शेकडो वर्षांच्या गायकीचा पाया एका यंत्राने गोंगाट ठरवून काढून टाकावा, आणि ते करताना गायकाला विचारूही नये!

झूमने संगीतासाठी ‘ओरिजिनल साउंड’ नावाची सोय दिली आहे, तिची नोंद आम्ही घेतो. पण ती आधीपासून बंद असते. ती कुठे दडली आहे हे शोधायचे गायकाने, चालू करायची गायकाने आणि सातासमुद्रापलीकडच्या शिष्याच्या वडिलांना फोनवरून समजावूनही सांगायची गायकाने. माईकची पातळी आपोआप बदलण्याची खूण मात्र पहिल्या दिवसापासून केलेलीच असते. कंपनीच्या इच्छेची गोष्ट आधीच चालू आणि मालकाच्या इच्छेची आधीच बंद, ही रचना कोणाच्या तरी निर्णयाने झालेली आहे आणि त्या निर्णयाचा जाब मागितला गेलाच पाहिजे.

गाणे ज्यांना चैन वाटते त्यांनी रुग्णांकडे पाहावे. पार्किन्सनच्या अनेक रुग्णांचा आवाज हळूहळू खालावत जातो. मोठ्याने बोलण्याचा सराव हा त्यांच्या उपचाराचा गाभा असतो. स्पीच थेरपिस्ट व्हिडिओ कॉलवर ऐकतो आहे, रुग्ण जीव तोडून बोलतो आहे, आणि मधले सॉफ्टवेअर क्षीण आवाज उचलून थेरपिस्टच्या कानात ठणठणीत करून सोडते आहे. रुग्ण सुधारला की सॉफ्टवेअरने सुधारवला, हे थेरपिस्टला कसे कळावे? बोलीभाषांचा अभ्यास करणाऱ्यांची गतही अशीच. डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले. अशा कामात गावोगावच्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित होते आणि मग स्वरांची लांबी, उंची, जोर मोजला जातो. आपोआप पातळी बदलणारी यंत्रणा बंद ठेवा, हा तर अशा ध्वनिमुद्रणाचा पहिला धडा आहे, कारण ती चालू राहिली की जोराचे प्रत्येक माप खोटे ठरते. न्यायालये घ्या. सर्वोच्च न्यायालयाने 6 एप्रिल 2020 च्या आदेशाने देशभर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची वाट मोकळी केली. साक्षीदार एखाद्या प्रश्नावर अडखळला, त्याचा आवाज खाली गेला, ही गोष्ट न्यायाधीशाच्या कानापर्यंत जशीच्या तशी पोहोचायला नको काय?

पण आमचा मुख्य आरोप मीटिंगच्या सॉफ्टवेअरवर नाही. तो ज्यांनी घराच्या किल्ल्या वाटल्या त्यांच्यावर आहे. विंडोज व्हिस्टा 2007 मध्ये बाजारात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने ध्वनीची सारी व्यवस्था नव्याने बांधली. ऐकण्याच्या बाजूला प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी पट्टी आली. मात्र माईकची मूळ पट्टी कोणालाही हलवता येईल अशीच राहिली. त्यासाठी प्रशासकाचा पासवर्ड लागत नाही, कसली चौकट उघडत नाही, पातळी कोणी बदलली याची नोंद वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येत नाही. इतकी वर्षे लोटली, विंडोजच्या किती आवृत्त्या आल्या आणि गेल्या. पट्टीला साधे कुलूप आले नाही.

ॲपलने 2018 च्या मोहावे आवृत्तीपासून माईक ऐकण्यापूर्वी परवानगी विचारण्याची सक्ती केली, ते योग्यच झाले. पण एकदा ऐकण्याची परवानगी दिली की पातळी बदलण्याला हरकत घेण्याची सोय तिथेही नाही. अँड्रॉइडचा कारभार तर लेखी आहे. 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून आवाज ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी ‘धोकादायक’ गटात मोडते, म्हणून वापरणाऱ्याला विचारावे लागते. ध्वनीची सेटिंग बदलण्याची परवानगी मात्र ‘सर्वसाधारण’ गटात. ती ॲप बसवतानाच मिळून जाते, प्रश्न विचारला जात नाही. ऐकायचे असेल तर विचारा, बदलायचे असेल तर विचारू नका, असा हा कायदा! हा ज्यांनी लिहिला त्यांनी वापरणाऱ्याला मालक मानलेलेच नाही.

कंपन्यांची बाजू आम्हाला ठाऊक आहे आणि तिच्यातला खरा भाग आम्ही नाकारत नाही. माईकमधून आलेला आवाज आकड्यांत बदलला जातो त्याच टप्प्यावर तो फाटला, तर पुढे कोणतेही गणित तो शिवू शकत नाही. म्हणून पातळी मुळाशीच कमी करावी लागते. बरोबर. ज्याला पट्टी म्हणजे काय हेच माहीत नाही अशा माणसासाठी यंत्राने काळजी घ्यावी, हेही बरोबर. मग अडचण कसली आहे? ‘तुमचा आवाज फाटतो आहे, पातळी कमी करू का?’ एवढी एक ओळ दाखवायला काय लागते? कॉल संपल्यावर पातळी पूर्वीच्या जागी नेऊन ठेवायला काय लागते? माईक उघडताना सॉफ्टवेअरला आधीची पातळी वाचता येते. ती लक्षात ठेवून परत लावणे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे काम आहे. ते होत नाही कारण त्याची गरज कोणाला वाटत नाही.

आणि हे लोण पातळीपुरते थांबलेले नाही. ब्लूटूथ हेडफोन जोडला की संगणक अनेकदा न विचारता त्याचाच माईक निवडतो. त्याबरोबर जुना हँड्स-फ्री मार्ग चालू होतो, आवाज एका वाहिनीवर येतो आणि त्याचे नमुने सेकंदाला 8 किंवा 16 हजारांवर घसरतात. सीडीवर ते 44,100 असतात. टेबलावर ठेवलेला महागडा माईक मुका होऊन बसतो. विंडोजमध्ये एखादे सॉफ्टवेअर माईकचा पूर्ण ताबा घेऊन इतरांना बाहेरही ठेवू शकते, आणि त्या परवानगीची खूण आधीच केलेली असते.

ज्यांना हे सारे क्षुल्लक वाटते त्यांनी 2017 आठवावे. एचपीच्या काही लॅपटॉपांत कोनेक्झंट या कंपनीचा ध्वनीचा ड्रायव्हर होता. माईक म्यूट करण्याचे बटण दाबले का, हे पाहण्याच्या निमित्ताने तो कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक बटण एका उघड्या फाइलमध्ये लिहून ठेवत होता. पासवर्डसुद्धा! 2022 मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी मीटिंगची सॉफ्टवेअरे तपासली, तेव्हा म्यूट केल्यानंतरही ती माईककडे अधूनमधून पाहत असल्याचे आढळले. त्यातले एक तर आवाजाची मोजमापे सर्व्हरकडे पाठवत होते. अशा मोजमापांवरून पार्श्वभूमीला स्वयंपाक चालला आहे की साफसफाई की टायपिंग, हे संशोधकांना सरासरी 82 टक्के अचूकपणे ओळखता आले. माईकभोवतीचे कुंपण कच्चे ठेवले की काय होते त्याचे हे पुरावे आहेत.

‘पट्टीला कुलूप लावणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे’ हे उत्तर तर आम्ही ऐकूनही घेणार नाही. लिनक्सवरच्या पाइपवायर या ध्वनिव्यवस्थेत ते करून दाखवलेले आहे. रेड हॅटमधले विम टायमन्स यांनी सुरू केलेल्या या मुक्त प्रकल्पात ‘ब्लॉक सोर्स व्हॉल्यूम’ असा एक नियम आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये ज्याला रोखायचे त्या सॉफ्टवेअरचे नाव लिहा, नियम लावा. मग ते माईकची पातळी बदलण्याचा कितीही प्रयत्न करो, पट्टी हलत नाही. कॉल चालू राहतो, आवाज जातो, काहीही बिघडत नाही. सर्वांना मुक्तपणे मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जे आहे ते जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांना जमू नये? विंडोजवर लोकांनी काय करायचे? टास्क शेड्यूलरमध्ये स्क्रिप्ट लावायची, ती क्षणाक्षणाला पातळी पुन्हा जागेवर आणणार आणि सॉफ्टवेअर ती पुन्हा ढकलणार. स्वतःच्या संगणकात स्वतःच पहारेकरी नेमण्याची ही पाळी मालकावर यावी, हे लाजिरवाणे आहे.

आपल्या संसदेने 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. संमती मुक्त, नेमकी, माहितीपूर्ण आणि नि:संदिग्ध असली पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. तो कायदा माहितीपुरता आहे. माईकच्या पट्टीपर्यंत तो पोहोचत नाही. पण संमतीची ही व्याख्या यंत्राच्या ताब्यालाही लागू व्हायला हवी, आणि सरकारच्या हाती त्यासाठी एक सोपे साधन आहे: खरेदी. न्यायालये, विद्यापीठे, जिल्हाधिकारी कार्यालये, सरकारी रुग्णालये यांच्यासाठी संगणक आणि मीटिंगचे सॉफ्टवेअर सरकारच विकत घेते. विचारल्याशिवाय ध्वनीची सेटिंग बदलणारे सॉफ्टवेअर घेतले जाणार नाही, एवढे एक वाक्य निविदेत घाला. कंपन्यांना उत्तर सापडायला वेळ लागणार नाही.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ऐकण्याची परवानगी वेगळी आणि बदलण्याची परवानगी वेगळी हवी. माईकच्या पट्टीला कुलूप हवे आणि ते फक्त मालकाच्या हाताने उघडले पाहिजे. पातळी कोणत्या सॉफ्टवेअरने, केव्हा, किती बदलली हे सेटिंगमध्येच दिसले पाहिजे. कॉल संपला की सारे पूर्ववत झाले पाहिजे.

तोवर वाचकांनी हात बांधून बसू नये. झूममध्ये माईकची पातळी आपोआप जुळवण्याची खूण आजच काढून टाका, टीम्समधले तसेच बटण बंद करा, विंडोजच्या जुन्या साउंड चौकटीत माईकच्या गुणधर्मांत जाऊन पूर्ण ताब्याची परवानगी रद्द करा. एवढ्याने पट्टी सुरक्षित होईल असे आम्ही सांगणार नाही, कारण होणार नाही. ब्राउझरमधले कॉल तरीही तिला हात घालू शकतात. जे सॉफ्टवेअर नकार दिल्यावरही पट्टी हलवते ते संगणकावरून काढून टाका, आणि का काढले ते त्या कंपनीला आपल्या नावानिशी लिहून कळवा.