मागची गाडी आरशात दिसली पाहिजे

मी पालघर जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात गाड्या दुरुस्त करतो. श्रावणात आमचा मित्र गेला. पेपरात नाव घालू नका, असं घरच्यांनी सांगितलं आहे, म्हणून नाव लिहीत नाही. मोखाड्यापासून विहीगावपर्यंत ज्यांना तो ठाऊक होता त्यांना नावाची गरजही नाही. या पट्ट्यात जीपवाला म्हटलं की तोच.

नाक्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. दहाव्याला नाशिक-मुंबईची ऑफरोडवाली मंडळी आली, त्यातल्या कितीतरी जणांच्या गाड्या त्याने वैतरणेच्या खोऱ्यातल्या चिखलातून ओढून काढल्या होत्या. माणसं मनापासून रडली. पण त्याच्या जाण्याने मोखाड्याचं जे नुकसान झालं त्याची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात होणार नाही, आणि तसा दुसरा माणूस घडावा म्हणून कुणी काही करतानाही दिसत नाही. त्यासाठी हे लिहितो आहे.

त्याची गाडी जुनी, चारही चाकं ओढणारी, साध्या मेकॅनिकल पंपाची डिझेल जीप. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही, पाना आणि तार असली की पाड्यावरसुद्धा चालू करता येईल अशी. पावसाळ्यात रात्री तो ती माझ्याकडे आणून लावायचा आणि मी मागच्या हाउजिंगचा बोल्ट ढिला करून ऑइल बघायचो. ऑइल दुधाळ निघालं की पाणी आत गेलेलं असायचं. किती दुधाळ आहे त्यावरून आज कुठल्या ओहळाला पाणी कुठवर होतं, हे मला न विचारता कळायचं. मग चहा, मग कुणाला आणलं ते सांगणं. बाळंतीण, साप चावलेला पोरगा, तापाने फणफणलेली म्हातारी. पैसे मिळाले का, हे मी विचारायचो. तो विषय बदलायचा.

दिवाळीनंतर पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. त्यांची भांडी, कोंबड्या, पोरं त्याच जीपमधून मोठ्या रस्त्याला लागायची आणि पावसाच्या तोंडावर त्याच जीपमधून परत यायची. कुठल्या घरी कोण गरोदर आहे, कुठल्या घरात कोणी उठू शकत नाही, हे आशाताईंच्या खालोखाल त्याला माहीत असायचं. बोहाड्यात त्याच्या घराकडे भीमाचं सोंग होतं. मुखवटा चढवून तो नाचायला लागला की संबळवाल्याचा दम जायचा, आणि सकाळी हाच गडी पुन्हा स्टिअरिंगवर.

ऑफरोड हा आपल्याकडे आता मोठा खेळ झाला आहे. मलेशियातून आलेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा २०१४ मध्ये गोव्याच्या पावसात सुरू झाली. २०२० च्या स्वातंत्र्यदिनी नवी थार आली, तेव्हापासून सूर्यमाळ आणि वैतरणेकडे शनिवार-रविवारी दिसणाऱ्या गाड्या कितीतरी वाढल्या. मला या लोकांचा राग नाही. ते शिकून येतात, एकमेकांना धरून असतात. त्यांच्याकडे विंच, पट्टे, शॅकल, सगळं असतं. पण टायरची हवा कुठे किती काढायची, पाण्यात शिरण्याआधी काठी घेऊन स्वतः ओहळ पायी ओलांडायचा, पाण्यात गियर बदलायचा नाही, बाहेर आल्यावर चालत्या गाडीत ब्रेक हलके दाबून सुकवायचे, हे त्यांनी आमच्या मित्राकडून पाहून घेतलं. तो त्यांना तळमळीने शिकवायचा. उतारावर कोणी ब्रेक दाबला की खिडकीतून ओरडायचा, ‘‘पाय काढ! इंजिन धरतंय तिला!’’

त्या मंडळींचा एक नियम त्याला फार आवडायचा. ताफ्यात प्रत्येकाने मागची गाडी आरशात ठेवायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं, म्हणजे पुढचाही थांबतो आणि होता होता सगळा ताफा थांबतो. कोणी मागे राहत नाही. तो म्हणायचा, ‘‘हा नियम तालुक्याला लावला पाहिजे.’’

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बोटोशीच्या मर्कटवाडीत जुळी बाळं दगावली. रक्तस्राव होत असलेल्या त्यांच्या आईला डोलीत घालून मोठ्या रस्त्यापर्यंत सुमारे तीन किलोमीटर आणावं लागलं. ती बातमी देशभर गेली. १९९२ च्या वावर-वांगणीतल्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनंतर जव्हार-मोखाडा असाच बातम्यांत येत राहिला आहे. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण आमच्या कोचाळ्याला आहे आणि पाड्यांवरच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हेही सगळ्यांना पाठ आहे. मर्कटवाडीची बातमी वाचून तो माझ्या गॅरेजमध्ये बराच वेळ बसून होता. त्या रात्री त्याने चहा घेतला नाही.

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे. तिने असंख्य जीव वाचवले, तिचे चालक आणि डॉक्टर जिवाचं रान करतात. पण ती डांबरी रस्त्याची गाडी आहे. मागची दोनच चाकं ओढणारी, लांब, जड आणि जमिनीपासून कमी उंचीची. लाल मातीच्या ओल्या चढावर ती थांबते, आणि तिथून पुढे डोली सुरू होते. ही मधली दोन-चार किलोमीटरची वाट आमचा मित्र चालवत होता. कायद्याच्या लेखी तो अवैध प्रवासी वाहतूक करणारा. दंडाच्या पावत्या त्याच्या डॅशबोर्डमध्ये गठ्ठ्याने असायच्या. विमा नाही, पगार नाही, गाडीचा पाटा तुटला तर खर्च त्याचा.

माझं म्हणणं साधं आहे. जव्हार आणि मोखाड्यातल्या ज्या आरोग्य केंद्रांखाली वाट नसलेले पाडे आहेत, तिथे चारही चाकं ओढणारी, आडव्या स्ट्रेचरची जीप द्या. ती चालवायला त्याच खोऱ्यातली पोरं घ्या, ज्यांना अंधारात ओहळाचा उतार कळतो. त्यांना पगार द्या, विमा द्या, प्रथमोपचार शिकवा. आमच्याकडे अशी पोरं आहेत. आज ती नाशिकच्या कारखान्यांत ठेक्यावर जातात.

यावर लोक म्हणतील, जीप कशाला, रस्तेच करा. रस्ते हवेतच, आणि त्यांचा हक्क कुणी सोडू नये. पण इथल्या पावसात नवा रस्ता दोन वर्षांत धुऊन जाताना मी पाहिला आहे. काही पाड्यांचा रस्ता वनजमिनीच्या परवानगीत अडकतो, काहींचा मोरीत. त्या काळात बाईची वेण थांबत नाही.

आता त्याची जीप माझ्याकडे उभी आहे. वहिनींना पैशांची गरज आहे आणि जुन्या फोर-व्हील जीपला मुंबईत चांगला भाव येतो. गिऱ्हाईक येऊनही गेलं. मी वहिनींकडून उन्हाळ्यापर्यंतची मुदत मागून घेतली आहे. तालुक्यातली एखादी ग्रामपंचायत, एखादी संस्था किंवा दहाव्याला आलेल्या मित्रांनी मिळून ती घेतली, तर वर्षभराची दुरुस्ती मी मजुरी न घेता करीन. क्लच प्लेट नवी आहे, पुढचे हब मी स्वतः बसवलेत, पाटे मात्र बदलावे लागतील. चालवायला आसे आणि वाशाळ्याकडची पोरं तयार आहेत, त्यांना त्यानेच शिकवलं आहे. पावसाच्या आधी सगळं ठरायला हवं, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ओहळ भरतात.